पुढच्या घासाची ओढ

धकाते सावजी भोजनालयाचा आकडा एक्क्याण्णववरून चौऱ्याहत्तरवर आला, ही बातमी केतकी निमजेला तिच्याच कार्यालयात, तिच्याच पडद्यावर कळली, आणि समोरचा चहा तसाच निवून गेला.

केतकी ‘तृप्ती’ची नागपूरची पडताळणी अधिकारी होती. शहरातल्या झाडून साऱ्या खानावळी, हॉटेलं आणि हातगाड्यांचे आकडे तिच्या देखरेखीखाली असत. तसं पाहिलं तर चौऱ्याहत्तर हा आकडा वाईट नव्हता. चौऱ्याहत्तरवाले कितीतरी जण शहरात सुखाने धंदा करत होते. पण वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला चौऱ्याहत्तर टक्के पडले की शेजारीपाजारी काय बोलतात ते आपल्याला माहीत आहे. लोक आकडा बघत नाहीत, घसरण बघतात.

‘तृप्ती’ म्हणजे काय हे आता शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही, पण ती कशी आली हे लोक विसरत चालले आहेत. तिच्याआधी हॉटेलांची कीर्ती शब्दांवर चालायची. कुणी तारे द्यायचं, कुणी व्हिडिओ करायचं, कुणी रश्श्यात पोळी बुडवून कॅमेऱ्यासमोर डोळे मिटायचं. मग यंत्रं लिहू लागली, बोलू लागली. न जन्मलेली माणसं न शिजलेल्या जेवणाचं तोंडभरून कौतुक करू लागली. पाच तारे विकत मिळत, आणि शेजारच्या हॉटेलाला एक तारा देण्याचा भाव त्याहून चढा होता. शेवटी लोकांनी वाचणं सोडलं, बघणंही सोडलं. केतकी त्या काळात ‘केतकीचं पान’ नावाने खाण्याचे व्हिडिओ करत असे. तिचा शब्द खरा होता, पण त्या बाजारात खऱ्या शब्दाला कुणी विचारेना.

अशा वेळी पुण्याच्या डॉ. निरंजन टेंबे यांची पट्टी आली. मुळात ती लकवा मारलेल्या रुग्णांसाठी होती. अशा रुग्णांचा घास चुकून श्वासनळीत जाण्याची भीती असते, म्हणून बोटाच्या पेराएवढी ती पट्टी हनुवटीखाली चिकटवायची. घशाच्या स्नायूंची हालचाल, तोंडातली लाळ आणि मेंदूपासून पोटापर्यंत गेलेल्या एका लांबलचक मज्जातंतूतले संदेश ती टिपत राहायची. टेंबेंच्या लक्षात एक गंमत आली. एक घास गिळून झाला आणि दुसरा अजून तोंडात गेला नाही, त्या मधल्या क्षणी तोंडाला जे पाणी सुटतं, ते नुसत्या भुकेचं असलं तर एक तऱ्हेचं असतं आणि जेवण आवडलेलं असलं तर दुसऱ्या तऱ्हेचं. ते आव आणून आणता येत नाही आणि दाबून दाबता येत नाही. माणूस जिभेने वाटेल ते बोलेल, लाळेने खोटं बोलणं त्याला जमत नाही. या मोजमापाला टेंबेंनी ‘पुढच्या घासाची ओढ’ असं साधं नाव दिलं आणि ती शंभरात बसवली. मग ‘तृप्ती’ या नावाने पट्टी हौशी लोकही लावू लागले, आणि अशा जेवणाऱ्यांच्या घशांची सरासरी म्हणजे त्या हॉटेलाचा आकडा. तो ‘तृप्ती’ घेतलेल्या प्रत्येकाच्या फोनवर दिसायचा.

तिखटाचं काय, असं नागपूरकरांनी पहिल्याच सभेत विचारलं होतं. मिरचीतलं द्रव्य जिभेवरच्या ज्या तारा छेडतं, त्याच तारा चटका बसल्यावर छेडल्या जातात. मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. मग तो स्वतःच्याच कोठारातलं वेदनाशामक बाहेर काढतो, आणि सवयीच्या माणसाला त्यातून जे सुख मिळतं त्यासाठीच तर तो सावजीत येऊन घाम पुसत बसतो. टेंबे म्हणाले होते की पट्टी घाम मोजत नाही आणि डोळ्यांतलं पाणीही मोजत नाही. एवढं पेटल्यावर माणूस पुढच्या घासाकडे वळतो का, एवढंच ती बघते. त्या सभेत टाळ्या पडल्या होत्या, आणि सगळ्यांत जोरात केतकीने वाजवल्या होत्या.

तिला ते यंत्र मनापासून आवडलं. तांडापेठेच्या बोळात पत्र्याखाली पाटवडी-रस्सा विकणारी बाई त्या यंत्राने वर्धा रोडवरच्या काचेच्या हॉटेलांच्या पंगतीला नेऊन बसवली होती. ना तिला व्हिडिओ करता येत होता, ना कुणाला पैसे चारता येत होते. अशी कितीतरी नावं वर आली. केतकीने आपले व्हिडिओ बंद केले आणि टेंबेंच्या कंपनीत नोकरी धरली, ती त्यासाठीच.

धकात्यांशी तिचं नातं मात्र या सगळ्याच्या फार आधीचं होतं. तिचं माहेर त्यांच्या समोरचं, मध्ये फक्त बोळ. चंद्रकला धकाते, म्हणजे तिच्या चंद्राकाकू, सकाळपासून चुलीपुढे असत. धने, दगडफूल, खसखस, मिरी, खोबरं जवसाच्या तेलावर भाजायचं, पाट्यावर वाटायचं, आणि काळाभोर रस्सा उकळत ठेवायचा. त्या ठसक्यात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाची जीभ बधिर होते. मिरचीचा मारा सतत झाला की जिभेवरच्या त्या तारा काही काळ उत्तर द्यायच्या थांबतात. म्हणून धकात्यांच्या घरात एक रीत होती. रांधणारीने चाखायचं नाही. रस्सा उतरला की पहिली वाटी बोळ ओलांडून निमज्यांकडे जायची, आणि तिकडून येईल तो शब्द शेवटचा. केतकी दुसरीत असताना आईला बरं नव्हतं, म्हणून वाटी तिच्या हातात आली. “काकू, आज मीठ रुसलंय,” असं तिने दारातून ओरडून सांगितलं. काकूंनी मीठ घातलं आणि त्या दिवसापासून वाटी तिची झाली. लग्न होऊन ती मनीषनगरला राहायला गेली तरी मसाल्याची नवी खेप निघाली की काकू तिच्यासाठी थांबत.

तिचा पहिला व्हिडिओही काकूंचाच होता. तोपर्यंत तिथे बोळातले विणकर, इतवारीतले हमाल आणि गोंदिया-बालाघाटकडून बाजाराला आलेले व्यापारी जेवत. त्या व्हिडिओनंतर मोटारी यायला लागल्या. ‘तृप्ती’ आल्यावर आकड्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आणि आता चौऱ्याहत्तर.

दुपारी केतकी गेली तेव्हा गल्ल्यावर काकूंचा मुलगा रोशन बसला होता. त्याचा एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक फोनवर.

“सुरतेचं वऱ्हाड होतं, ताई,” तो म्हणाला. “बस भरून आले. आकडा पाहूनच आले. एकाच्याही घशाले मिरची माहीत नव्हती. दोघं तर रडूनच राहिले होते. त्यायचे घसे काढून टाकता येत नाही का?”

“नाही रे. जो जेवला त्याचा घसा मोजला, असाच नियम आहे. रोजचे लोक जेवतील तसा आठवड्याभरात चढेल परत.”

ती बाकावर बसली. काकूंनी स्वतः वाटी आणून ठेवली. वर तर्रीचा तवंग, खाली काळा रस्सा, सगळं नेहमीसारखं. केतकीने पोळीचा तुकडा बुडवला आणि तोंडात घातला.

काहीतरी कमी होतं.

तिने दुसरा घास घेतला. तिखट होतं, मीठ होतं, वास होता, पण ते सगळं एकमेकांशी अबोला धरून बसल्यासारखं वाटलं. पोळी पुढे करायला हात आपणहून जाईना. तिने चोरून फोन बघितला. तिच्या हनुवटीखालच्या पट्टीने तिचा स्वतःचा आकडा दाखवला, एकोणसत्तर. या वाटीवर तिचा घसा कधी पंचाण्णवच्या खाली आला नव्हता. म्हणजे वऱ्हाडाचा दोष नव्हता तर. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

“काय म्हणते वाटी?” काकूंनी विचारलं.

दुसऱ्या कुणाला केतकी गोड बोलून वाटेला लावू शकली असती. पण या वाटीवर खोटं बोलायचं नाही हे तिने लहानपणापासून पाळलं होतं.

“काकू, चव उतरली आहे. खोबरं जास्त भाजलं जाऊन राहिलं का?”

काकूंनी पदराने कपाळ पुसलं. वाद घातला नाही. “बरं. पाहते,” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपेला खोबरं कमी भाजलं गेलं. केतकीने चाखलं आणि मान हलवली. मग खसखस वाढली. मग जवसाचं तेल दुसऱ्या घाण्याचं आणलं. मग दगडफूल निम्मं केलं. दर वेळी केतकी प्रामाणिकपणे जेवायची आणि प्रामाणिकपणे सांगायची, अजून नाही. आकडा सत्तरवर आला, मग अडुसष्टवर, मग सहासष्टवर. मोटारी यायच्या थांबल्या. रोशनने सुचवून पाहिलं की थोडी साखर घालू, मुलांनाही चालेल, आणि काकूंनी चक्क विचारात पडून चिमूटभर घातली.

एका दुपारी त्या केतकीच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. काकू गिऱ्हाइकाच्या बाकावर बसल्याचं केतकीला आठवत नव्हतं.

“तूच सांग आता काय टाकू,” त्या म्हणाल्या. “पहिले हात आपोआप डब्यात जात होता. आता प्रत्येक डब्यापाशी थांबतो. मले समजूनच नाही राहिलं.”

रोशन गल्ल्यावरून म्हणाला, “दिवाळीपर्यंत पाहू. नाही चढला आकडा, तर पाटी उतरवू. जागा द्यायची भाड्यानं. आईले तरी कायले एवढा त्रास?”

काकूंनी नुसती मान हलवली. चव गेली तर पाटी जाणार, हे त्यांनी मनात मान्य केलेलं दिसत होतं. केतकीच्या घशात आवंढा आला, आणि पट्टीने तोही इमानेइतबारे नोंदवला असणार.

दुसऱ्या दिवशी केतकीने कामं बाजूला सारली आणि धकात्यांकडे जेवलेल्या साऱ्या घशांची नोंद काढली. वऱ्हाडाचा परिणाम किती आणि मसाल्याचा किती, हे वेगळं करता आलं तर काकूंना कुठे हात घालायचा ते सांगता येईल, असा तिचा हिशोब होता.

पट्ट्या दोन रंगांच्या असत. हिरवी ‘तृप्ती’ची, हौसेने लावलेली, फोनला जोडलेली. पांढरी दवाखान्याची. लकव्याच्या रुग्णांना, आणि खाण्यावर लक्ष ठेवायला साखरेच्या रुग्णांनाही, डॉक्टर ती देत, आणि संशोधनासाठी त्यांची संमती घेतलेली असे. पांढऱ्या पट्टीचं मोजमापही कंपनीकडे येत होतं, पण आकड्यात धरलं जात नव्हतं, कारण त्या माणसांनी ‘तृप्ती’ घेतलेली नसायची. त्यांच्या फोनवर कुठलाही आकडा दिसत नसे. नागपुरात साखरेच्या रुग्णांची वाण नाही. धकात्यांकडे बसणारे कितीतरी बाहेरगावचे व्यापारी पांढरी पट्टी लावून, डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं मजेत खात होते. बाजार झाला की जिथे बाक रिकामा दिसेल तिथे बसायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

केतकीने सहज म्हणून त्यांची वेगळी रेघ काढली.

हिरवी रेघ तिच्या ओळखीची होती. एक्क्याण्णववर मजेत चाललेली, वऱ्हाडाच्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी, आणि मग खाली खाली. पांढरी रेघ हिरवी एक्क्याण्णववर असताना ऐंशीवर होती. आज ऐंशी, उद्या एकोणऐंशी, परवा पुन्हा ऐंशी, अशी अडीच-तीन वर्षं. वऱ्हाडाच्या दिवशी ऐंशी. दुसऱ्या दिवशी, हिरवी चौऱ्याहत्तरवर बसलेली असताना, ऐंशीच.

मग ती वाकत होती. आधी थोडी, मग बरीच, आणि आता एकाहत्तरवर होती. वाकण्याची सुरुवात झाली ती तारीख केतकीने पाहिली. खोबरं कमी भाजलेली पहिली खेप त्या दिवशी चुलीवर चढली होती.

तिने तारीख पुन्हा एकदा ताडून पाहिली. चव उतरली नव्हती. तिने ‘उतरली’ म्हटलं आणि तिच्या शब्दाने ती खरोखर उतरली.

मग तिने एकेक करून शहरातली इतर नावं काढली. वर्धा रोडवरचं काचेचं हॉटेल हिरव्या रेघेवर पंचाण्णव होतं आणि पांढरीवर बासष्ट. तांडापेठेतली पाटवडीवाली हिरवीवर अठ्ठ्याऐंशी, पांढरीवर शहात्तर. ज्यांनी आकडा पाहिला होता त्यांचे घसे आकड्याच्या मागे गेले होते. वर चढताना वर, खाली उतरताना खाली.

तिला आश्चर्य वाटलं ते एवढी साधी गोष्ट कुणालाच सुचली नाही याचं. चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. तोंडात चिंच नसते, नुसतं नाव असतं. टेंबेंची पट्टी मोजत होती ती पुढच्या घासाची ओढ, म्हणजे जो घास अजून खाल्लेलाच नाही त्याबद्दलची आशा. आणि आशा तर फोनवर आधीच वाढून ठेवलेली होती. पट्टी खोटं बोलत नव्हती. एक्क्याण्णव बघून आलेल्या माणसाला एक्क्याण्णवचं सुख खरोखर मिळत होतं, आणि चौऱ्याहत्तर बघून बसलेल्या केतकीच्या तोंडाचं पाणी खरोखर आटलं होतं.

हे तिने टेंबेंना सांगितलं ते फोनवर, सगळ्या रेघा त्यांच्यासमोर ठेवून. साठी उलटलेल्या त्या माणसाने एकेका रेघेची तारीख तिला परत परत विचारली.

“मी माझ्याच पट्टीची सावली मोजत होतो,” ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. एखादं अवघड गणित सुटल्यावर असावा तसा उजेड होता. “निमजे, तुम्ही फार मोठं काम केलंत. मला एक दिवस द्या.”

एका दिवसाने त्यांनी स्वतःहून फोन केला. तोवर त्यांनी कंपनीत पैसा घातलेल्या मंडळींशी भांडण उरकून घेतलं होतं. निर्णय एका वाक्याचा होता. ज्याला आकडा बघायचा त्याचा घसा मोजायचा नाही, आणि ज्याचा घसा मोजायचा त्याला आकडा दाखवायचा नाही.

“सर, सगळं शहर खाली येईल,” केतकी म्हणाली. “नव्वदच्या वर कुणीच राहणार नाही. पाटवडीवाली ओरडेल, काचवाले कोर्टात जातील. लोक म्हणतील, इतकी वर्षं फसवलंत.”

“म्हणू द्या. फसवलंच आहे, फक्त कुणाला कळलं नव्हतं. आपल्यालाही नाही.” मग ते म्हणाले, “तुम्हाला मात्र निवड करावी लागेल. अधिकाऱ्याला आकडे बघावे लागतात. तुमचा घसा यापुढे मोजता येणार नाही.”

“मग अधिकारी दुसरा शोधा, सर. मला जेवायचं आहे.”

टेंबे हसले. मग जपून म्हणाले, “एक सांगू? बाकी शहरात तुम्ही न बघणाऱ्यांत बसाल. धकात्यांकडे नाही. ते जेवण तुम्हाला फार आधीपासून माहीत आहे. तिथे तुमचा घसा कधीच कोरा नसेल.”

हे केतकीला रेघ पाहिली तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते जास्त लागलं.

नवा नियम सोमवारी जाहीर व्हायचा होता. त्याआधी काकूंना सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं तिला त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत जड गेलं. कारण सांगायच्या गोष्टी दोन होत्या. तुमची चव उतरली नव्हती, ही एक. ती कधी एक्क्याण्णवही नव्हती, ही दुसरी. पहिली सांगून दुसरी गिळून टाकावी असं रस्ताभर तिच्या मनात येत होतं.

जेवणाची गर्दी ओसरली होती. काकू जमिनीवर बसून सुपात खसखस निवडत होत्या. केतकी त्यांच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. पांढऱ्या पट्ट्या, व्यापारी, खोबरं कमी भाजलेली खेप, तिची स्वतःची फसलेली जीभ.

काकूंचे हात थांबले नाहीत. खडे बाजूला पडत राहिले.

“म्हणजे माहा मसाला बरोबर होता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“अन् मी तुह्या शब्दावर तो मोडला.”

“हो, काकू.”

“साखर टाकली मी त्याच्यात,” काकू म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज हलला. “माह्या सासूनं पाहिलं असतं, तर हात धरून उठवलं असतं मले चुलीपुढून.”

केतकी मान खाली घालून बसली. तिला रडू येत होतं, पण या घरात आपण आत्ता रडणं म्हणजे काकूंनाच समजूत काढायला लावणं होईल, हे तिला कळत होतं. तिने ते आवरलं.

“उद्यापासून जुनाच भाजते,” काकू म्हणाल्या. “हाताले आठवते अजून. पण पहिली वाटी आता तुले नाही देत, केतकी. राग नको मानू. तुले माहा फार मोह आहे, अन् मोह असला की जीभ कोणाचंही ऐकते. तो बालाघाटचा कापडवाला येते ना, त्याले देईन. त्याले ना माहं नाव माहीत, ना पाटी वाचता येते. तो सांगेल ते खरं.”

“बरोबर आहे,” केतकी म्हणाली. इतक्या वर्षांची वाटी एका वाक्यात गेली होती, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. काकूंबद्दल तिला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की स्वतःचं दुःख जरा ओशाळून बाजूला झालं. ज्या बाईचा महिनाभर प्रत्येक डब्यापाशी हात थांबत होता, तिने हे ऐकल्यावर पुढचं पाऊल टाकायला एक सूपभर खसखस निवडण्याइतका वेळसुद्धा लावला नाही.

त्या अभिमानानेच तिला दुसरी गोष्ट सांगायचं बळ दिलं.

“काकू, अजून एक आहे. सोमवारपासून सगळ्यांचेच आकडे बदलणार. ज्यांनी आकडा पाहिलेला नाही, त्यांचाच घसा धरणार. तुमचा जुना मसाला परत आला, तरी एक्क्याण्णव नाही येणार. ते कधी खरं एक्क्याण्णव नव्हतंच.”

“मंग किती?”

“ऐंशी.”

काकूंचे हात आता थांबले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. केतकीला वाटलं, आता ही बाई मोडणार. एक्क्याण्णवची पाटी रोशनने रंगवून आत घरातल्या भिंतीवर लावली होती, पाव्हण्यारावळ्यांना तिच्यासमोर उभं करून फोटो काढले जात होते.

“ऐंशी कोणी दिले?” काकूंनी विचारलं.

“ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांनी. तुमचं नाव नाही, माझा व्हिडिओ नाही, आकडा नाही. बाजार करून दमले, बाक रिकामा दिसला, बसले.”

“त्यायले कोणी सांगितलं नव्हतं, चांगलं आहे म्हणून?”

“कुणीच नाही.”

“वर्धा रोडवाल्यायचे किती?”

“त्यांचे बासष्ट.” हे सांगायची तिला परवानगी नव्हती, पण सोमवारी अवघं शहर वाचणारच होतं.

काकूंनी मनातल्या मनात हिशोब केला. ओठ हलत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते हसू होतं, हे कळायला केतकीला एक क्षण लागला.

“म्हणजे न सांगता ऐंशी,” त्या म्हणाल्या. “ते माह्ये. चुलीपुढचे. ते कोणी घेऊन जात नाही. अन् वरचे अकरा?”

“ते आमच्या आकड्याचे होते, काकू. हवेतले.”

“हवेतले कायले? लोकं जेवले ना? त्यायले खरंच गोड लागलं ना? तूच तर म्हणते, पट्टी खोटं नाही बोलत.” काकूंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. “तू त्या फोनवर उभी राहून माह्या रश्श्याबद्दल बोलली होती. पाहिलं मी तेव्हा, रोशननं दाखवलं. माह्या जिवाले बरं वाटेल असं तर माह्या माहेरचं कोणी बोललं नाही कधी. ते ऐकून लोकं आले, अन् तुह्या बोलण्यानं त्यायले अजून अकराचं सुख झालं. ते अकरा हवेतले नाही. ते तुह्ये.”

केतकीने हनुवटीखालची पट्टी बोटांनी झाकून घेतली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा खसखशीकडे.

“अकरा काही कमी नसतात, पोरी.”